पोळ्याचं तेल

भांडगाव, ता. दौंड
६ नोव्हेंबर १९९८

चि. जयसिंग भाऊजी,

आधी रागावून घेते, मग कामाचं लिहिते. भाऊबीजेला तुम्ही आला नाहीत. पूनम सासरहून खास आली होती. तिनं तुमच्या दादांना ओवाळलं, मग ताट घेऊन अंगणात गेली आणि तुमच्या वाटणीचं चंद्राला ओवाळलं. ज्या बहिणीला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, एवढं तुम्हाला ठाऊक असेल. शिरूर काही काशी नाही. केडगावहून न्हावऱ्यामार्गे जी एसटी शिरूरला जाते ती परतही येते, असं मी ऐकून आहे.

झालं रागावून. आता कामाचं. हे पत्र मी लिहितेय हे घरात कोणालाही माहीत नाही. म्हणजे तुमच्या दादांना माहीत आहे आणि तुमच्या आईला, आत्याबाईंना, माहीत आहे. तुमच्या वडिलांना, आण्णांना, माहीत नाही, आणि तेच महत्त्वाचं.

जीपचे गिअर नीट पडत नाहीत. पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना खर्रर्र असा आवाज येतो की बसलेली माणसं दात आवळतात. सकाळी सकाळी तर दांडा अर्ध्यातच अडून बसतो. हे सगळं पोळ्याला तेल बदलल्यापासून सुरू झालं, आणि थंडी पडायला लागल्यापासून वाढतंच आहे.

पोळ्याचं तेल म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली असणार. मेंढरं विकून आण्णांनी जीप घेतली, पाठोपाठ बैलही गेले, पण त्यांची खांदेमळणी काही सुटली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचे तसं ते जीपच्या बॉनेटला चोळतात आणि गिअरबॉक्सचं जुनं तेल काढून नवं घालतात. वर्षाचा घास म्हणतात त्याला. दोन वर्षांपूर्वी तुम्ही पोळ्याच्या आधीच, कोणाला न विचारता, तेल बदलून मोकळे झालात. वर म्हणालात, "आण्णा, ही गाडी हाय, बैल न्हाई." ते म्हणाले, "तुला बैल कळला न्हाई, गाडी काय कळणार? हात लावू नको माझ्या गाडीला." तुम्ही त्यांचं आयुष्यात पहिल्यांदाच तंतोतंत ऐकलंत. गाडीवरचा हात काढलात आणि घरावरचाही. गेल्या पोळ्याला त्यांनी रागारागात तेल बदललंच नाही. यंदा बदललं, ते एकट्यानं.

परवा सकाळी लवकर आण्णा माणसं भरून भुलेश्वरच्या देवळाला निघाले होते. चढाला दुसरा पडेना आणि जीप मागं सरकायला लागली. एका म्हातारीनं देवाचा धावा करत खाली उडी टाकली. कोणाला काही लागलं नाही, आण्णांनी ब्रेक दाबला, पहिल्यातच रडतखडत वर नेली. पण उतरताना लोक दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसले. घरी आल्यावर आण्णा जेवले नाहीत. "ऊन बाधलं" म्हणाले. नोव्हेंबरच्या सकाळी! मला हे यवतच्या बाजारात भाजीवाल्या आक्काबाईनं सांगितलं, ती त्याच गाडीत होती.

तुम्ही गॅरेजात काम करता, तेव्हा काय करायचं ते लिहून कळवा. आण्णांना सांगू नका असं तुम्हाला बजावायची गरज नाही, तुम्ही त्यांच्याशी बोलतच नाही.

आत्याबाईंनी शेंगदाण्याची चटणी दिली आहे. ती शिरूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते, डेपोतून घेऊन जा.

तुमची वहिनी,
सुषमा


२१ नोव्हेंबर १९९८

जयसिंग भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, गॅरेजच्या भिंतीवरचा फळाच तो. आई कशी आहे, हा प्रश्न त्यात नाही. वहिनी तुम्ही कशा आहात, हाही नाही. 'क्लच पूर्ण दाबला जातो का? पायाखाली काही आहे का?' हा मात्र आहे, आणि त्याखाली दोन रेघा. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही दहावीला होता आणि मी तुमचे निबंध तपासायचे. तेव्हाही तुम्ही 'माझी आई' या विषयावर चार ओळी लिहून उठायचा. म्हणून तक्रार करत नाही.

बरं, तुम्ही म्हणालात तसं पायाखाली बघितलं. भाऊजी, पायाखाली घोंगडी होती! थंडीनं आण्णांचे गुडघे धरतात म्हणून त्यांनी आपली जुनी घोंगडी चौघडी घालून तिथं पसरली होती. क्लच तिच्यावर जाऊन टेकत होता. धनगराचा जीव घोंगडीत म्हणतात तो असा. मी धुवायला म्हणून ती उचलून आणली आणि पुन्हा घातलीच नाही. दोन दिवस विचारलं, "घोंगडी वाळली का?" मी म्हटलं, "जाड हाय, वाळंल सावकाश." तिसऱ्या दिवशी विचारणं बंद झालं, कारण खर्रर्र आवाज पुष्कळ कमी झाला होता. मात्र सकाळचा दांडा अजून तसाच आडमुठा आहे. म्हणजे अर्धा आजार गेला, अर्धा राहिला.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नाही. लिहू नये असंच ठरवलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तुम्हाला माहीत आहे. आण्णा जीप विकायला निघाले आहेत. दौंडचा म्हाळू म्हणून जुन्या गाड्यांचा एजंट आहे, तो येऊन बघून गेला. चाकांना लाथा मारल्या, दारं आपटली, चहा प्याला आणि महिन्याभरात गिऱ्हाईक घेऊन येतो म्हणाला. तुमच्या दादांनी विचारलं, "आण्णा, कशापायी काढताय?" तर म्हणाले, "लई झालं आता गाडीचं." एवढंच. त्यांच्या तोंडून पुढचं काढणं म्हणजे रुसलेल्या म्हशीची धार काढणं.

मी तुम्हाला सरळच सांगते. गाडी गेली तर तुमच्यात आणि आण्णांत भांडायलासुद्धा काही उरणार नाही. दोन वर्षं तुम्ही एकमेकांशी बोलत नाही, पण निदान कशावरून बोलत नाही ते दारात उभं आहे. ते एकदा म्हाळूनं नेलं, की मग तुम्ही शिरूरचे आणि आम्ही भांडगावचे. म्हाळू गिऱ्हाईक आणायच्या आत ही जीप सरळ व्हायला पाहिजे. तुम्ही येऊन केलीत तर सोनं. नाही आलात तर लिहून करा, पण करा.

काल आण्णांनी मला सहज विचारलं, "पोष्टमन आल्ता जणू?" मी म्हटलं, "विजेचं बिल आल्तं." ते म्हणाले, "बिलाला तिकीट लावत्यात व्हय आता?" आणि रानात निघून गेले.

सुषमा वहिनी


५ डिसेंबर १९९८

जयसिंग भाऊजी,

चंपाषष्ठीला आम्ही जेजुरीला एसटीनं गेलो. जीप दारात असून. आण्णा खिडकीपाशी बसले होते आणि दर वळणाला त्यांचा डावा हात दांडा शोधत होता. मला हसूही आलं आणि रडूही. आत्याबाईंनी देवाकडं काय मागितलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण भंडारा उधळताना तुमचंच नाव घेतलं.

आता तुमच्या परीक्षेचं सांगते. तुम्ही लिहिलं होतं, सकाळी गाडी चालू न करता, बंद असतानाच गिअर टाकून बघा, आणि आण्णांनी नाही, दुसऱ्या कोणीतरी टाकावेत. बंद असताना सहज पडले तर दोष क्लचचा, तेव्हाही अडले तर दोष आतला. बरोबर?

तर आण्णा रानात पाणी द्यायला गेल्यावर तुमचे दादा कारखान्यातून पाळी संपवून आले, त्यांना तसंच जीपमध्ये बसवलं. त्यांनी जोर लावला, दांडा जागचा हलेना. मग मी बसले. पहिल्यांदाच बसले हो ड्रायव्हरच्या जागेवर! दोन्ही हातांनी दांडा धरला आणि असा ओढला की पदर सुटला, पण गिअर काही पडला नाही. चिखलात काठी फिरवावी तसं लागत होतं. मग दुपारी, जीप उन्हात तापल्यावर पुन्हा बसले तर एका हातानं पडला. सकाळी अडतो, दुपारी पडतो. याचा अर्थ काय तो तुम्ही सांगा.

पण मला त्यातून वेगळंच काहीतरी कळलं, ते लिहिते. आदल्याच दिवशी मी मागच्या दारी भांडी घासत होते आणि आण्णा आत्याबाईंशी बोलत होते. म्हणाले, "हनुमंताची आई, हात गेला माझा. अख्खं मेंढरू उचलून खांद्यावर टाकत व्हतो मी. आता दांडा सरकत न्हाई. समद्या माणसांदेखत गाडी मागं आली. कुणाचं पोर गेलं असतं चाकाखाली तर?"  मला तेव्हा समजलं की जीप का विकायची आहे. त्यांना गाडीचा संशयच नाही. त्यांना वाटतंय, आपणच म्हातारे झालो.

म्हणून ते रानातून आले तेव्हा मी चुलीपुढूनच मोठ्यानं सांगितलं, "आण्णा, सकाळच्याला तुमच्या लेकाला बी गिअर पडंना आन् मला बी पडंना. गाडीच आडलीया. तुमच्या हाताला काय बी झालं न्हाई."

ते उंबऱ्यात थांबले. म्हणाले, "तुला कुणी सांगितलं टाकून बघाय?"

"कुणी न्हाई. मला वाटलं."

"बंद गाडीत टाकून बघावं, ह्ये तुला वाटलं?"

मी भाकरी उलटली. तुमच्या वडिलांनी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या डाव्या हाताकडं बघितलं, मूठ उघडली, झाकली. "च्या टाक," म्हणाले. चहा प्याले, आणि भुलेश्वरहून आल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवले. तुमचं ते कोरडं पत्र इतकं उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. मागच्या वेळी फळा म्हणाले त्याबद्दल राग धरू नका.

पण विकायचं अजून डोक्यातून गेलेलं नाही. "मग गाडी गेली म्हना की कामातनं," असं म्हणतात. म्हाळूचा निरोप आलाय, गिऱ्हाईक मिळालंय.

तुमची वहिनी


१४ डिसेंबर १९९८

जयसिंग भाऊजी,

तेलाचा डबा सापडला. आत्याबाईंनी त्याचं तोंड कापून कोंबड्यांना पाणी ठेवलं होतं. घासून बघितलं, नंबर एकशेचाळीस! तुम्ही म्हणालात ते खरं निघालं, थंडीत गोठणारं घट्ट तेल. चौफुल्याला जाऊन दुकानदाराला धरलं, म्हटलं आमच्या आण्णांना ट्रॅक्टरचं तेल कसं दिलंत? तो म्हणाला, "वहिनी, मी नंबर विचारला व्हता. आण्णाच म्हनले, सगळ्यात घट्ट असंल ते दे, पोळ्याचं हाय." आता दुकानदाराला काय बोलणार? बैलाला पोळ्याला कोणी ताक पाजतं का? घट्ट ते चांगलं. पातळ तेल म्हणजे पाणी घातलेलं दूध, असं आमच्या म्हाताऱ्याचं गणित.

आणि तुमचा दुसरा संशयही खरा. जीप अंगणात उतारावर तिरकी उभी करूनच त्यांनी तेल घातलं. भोकातून बाहेर सांडेपर्यंत घातलं खरं, पण तिरक्या भांड्यात जास्त मावतं हे कोणाच्या लक्षात आलं? तेव्हा एक तर घट्ट, वर जास्त. मी एवढं शिकलेय आता, की तुमच्या शेठनं मला गॅरेजात ठेवून घ्यावं.

इलाज तुम्ही लिहिला आहे, हे तेल काढून नव्वद नंबरचं घाला. तो सोपा असेल शिरूरला. इथं तो आण्णांना सांगायचा होता, आणि न सांगता करण्यासारखा नव्हता. काल रात्रीची जेवणं झाल्याबरोबर मी धीर करून म्हटलं, "आण्णा, तेल घट्ट पडलंय. त्ये काढून दुसरं घालावं लागंल."

"कोण म्हनतं?"

मी मागं वळून बघितलं. तर आत्याबाई चुलीपासून म्हणाल्या, "शिरूरचं टपाल म्हनतं."

झालं! मी मनात म्हटलं, आता भांडी उडणार. पण आण्णा रागावले नाहीत. त्यांना कधीपासून माहीत होतं कोण जाणे. नुसते म्हणाले, "तेल घट्ट आसंल. नंबर चुकला आसंल. पर पोळ्याला तोंडात दिलेला घास काढून घेत न्हाईत. माझ्या बापानं कवा काढला न्हाई, मी बी काढणार न्हाई. परत फुडच्या पोळ्याला बघू."

तुमच्या दादांनी समजावून बघितलं, आतले दाते झिजतील म्हणाले, गाडी खरीच कामातून जाईल म्हणाले. छे! तुमच्यासमोर हेच झालं असतं तर तुम्ही 'ही गाडी हाय, बैल न्हाई' म्हणून पुन्हा दोन वर्षांसाठी निघून गेला असता. खाण तशी माती. मी तर आशा सोडून भांडी गोळा करायला लागले होते.

तेवढ्यात आत्याबाई हात पुसत पुढं आल्या. तुम्हाला माहीत आहे, त्या आण्णांपुढं फार बोलत नाहीत. म्हणाल्या, "दर पोळ्याला आपला सर्जा पुरणाची पोळी खाऊन फुगायचा. खरं का न्हाई?"

"व्हय."

"तवा काय करत व्हता तुमी?"

"औषीद पाजायचो. वड्यापत्तुर चालवत न्यायाचो. पोट उतरंस्तवर."

"तवा न्हाई म्हनला घास काढत न्हाईत म्हणून? का घास दिलाया तर बैलानं फुगून मरावं, आसं व्हतं?"

 आम्ही तिघंही आण्णांकडं बघत होतो. ते उठून दारात गेले, अंधारात जीप उभी होती तिच्याकडं बघत थांबले आणि परत येऊन जागेवर बसले. म्हणाले, "पोट फुगलंय म्हना की मग. तवाच सांगायचं न्हाई व्हय?"

भाऊजी, मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. दोन वर्षांपूर्वी आत्याबाई एवढं बोलल्या असत्या तर तुमची चटणी मला कंडक्टरच्या हाती द्यावी लागली नसती.

येत्या रविवारी तुमच्या दादांना सुट्टी आहे, तेव्हा तेल काढणार. काय काय करायचं ते सगळं क्रमानं, सोप्या भाषेत लिहून पाठवा. मी वाचणार आणि आण्णा करणार. आणि हे पत्र फळ्यासारखं असलं तरी चालेल.

तुमची,
सुषमा वहिनी


२२ डिसेंबर १९९८

प्रिय जयसिंग भाऊजी,

तुमचं पत्र शनिवारी आलं. पोष्टमननं ते आण्णांच्या हातात दिलं आणि त्यांनी ते मला आणून दिलं, न उघडता. पत्र आता उघड झालं म्हणायचं.

रविवारी आधी जीप चौफुल्यापर्यंत फिरवून आणली, तेल तापून पातळ व्हावं म्हणून. मग मारुतीच्या देवळापुढच्या फरशीवर सपाट उभी केली. तुमचे दादा पाना घेऊन खाली शिरायला लागले तर आण्णांनी त्यांना बाजूला केलं. "माझी गाडी हाय," म्हणाले आणि पाठीवर पडून स्वतःच आत सरकले. मी चाकापाशी फतकल मारून तुमचं पत्र मोठ्यानं वाचत होते. निम्मं गाव जमलं होतं, सून वाचतेय आणि सासरा गाडीखाली, असा तमाशा रोज बघायला मिळत नाही.

पहिलं वाचलं, 'आधी वरचा भरायचा नट उघडा, तो निघतोय याची खात्री झाल्याशिवाय खालचा काढू नका.' केलं. पुढचं वाचलं, 'खालचा नट घट्ट असेल.' आणि त्याच्या पुढची ओळ मी आधी वाचून ठेवली नव्हती, ती तशीच ओघात तोंडून गेली. 'आण्णांना जोर लावू देऊ नका. त्यांचा उजवा खांदा थंडीत दुखतो. मेंढरं उचलून उचलून तो गेला आहे. दादाला लावायला सांगा.'

खाली पान्याचा आवाज चालला होता तो थांबला. आम्हाला नुसते त्यांचे पाय दिसत होते.  मी वाचू की थांबू मला कळेना. मग खालून आवाज आला, "म्होरं वाच."

मी पुढं वाचलं. नट शेवटी तुमच्या दादांनीच सोडवला. आण्णांनी सोडवू दिला.

तेल काकवीसारखं उतरत होतं, घाई म्हणून नाही. नटाच्या टोकाला झिजलेलं लोखंड धरणारं चुंबक असतं, त्याला काळपट गंध लागलं होतं, पण बोटात चोळून बघितलं तर तुकडा, कीस असं काही नव्हतं. म्हणजे तुम्ही म्हणालात तसे दाते शाबूत आहेत. मग नरसाळ्याला रबरी नळी लावून नव्वद नंबरचं घातलं, भोकाच्या ओठापर्यंत आलं की थांबलो. जादा एक थेंब घातला नाही. आण्णा म्हणाले, "आता लंघन बरं."

सोमवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. आण्णांनी मला आणि आत्याबाईंना जीपमध्ये बसायला सांगितलं, कुठं ते सांगितलं नाही. गाडी चालू केली, पहिला टाकला, मग दुसरा. पडला भाऊजी! नुसता पडला, आवाज नाही की जोर नाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. त्यांनी गाडी सरळ भुलेश्वरला काढली. त्याच चढाला, त्याच वळणाला पहिल्यातून दुसऱ्यात घेतली आणि जीप गुणी बैलासारखी वर गेली.  आण्णा वर जाऊन देवाच्या पाया पडले आणि उतरताना आम्हाला प्रत्येकी एक भेळ घेतली. त्यांच्या खिशातून भेळ म्हणजे तुम्ही समजून घ्या.

आज सकाळी म्हाळू गिऱ्हाईक घेऊन आला. मी चहा घेऊन बाहेर येत होते, तर आण्णांचं बोलणं कानावर आलं. "गाडी द्यायची न्हाई."

म्हाळू म्हणाला, "आवं, गिअर आडकतोय म्हनला व्हता."

"आडकतोयच. दुसरा आजून आडकतोय. पोराला दावायचाय. शिरूरला गॅरेजात आसतोय माझा पोरगा, तो आल्याबिगर मी कायबी करणार न्हाई."

कालच दुसरा न अडकता जीप भुलेश्वर चढून आली होती आणि आज हे ऐकते आहे!  मला दोन वर्षांत त्यांच्या तोंडून 'माझा पोरगा' ऐकू आलं नव्हतं. म्हाळू चहा न घेताच गेला आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

दुपारी मी हे पत्र लिहायला बसले तेव्हा आण्णा येऊन जवळ बसले. म्हणाले, "त्याला लिहितीस न्हवं? माझं बी लिही." आणि सांगायला लागले. खाली मी काट मारलेल्या दोन ओळी आहेत, त्या त्यांच्या आहेत. त्या तुम्ही वाचाल हे मला माहीत आहे, म्हणून काट जाड मारलेली नाही. 'दुसरा गिअर अजून अडकतो. सकाळी फार त्रास आहे. येऊन बघून जा.'

लिहून झाल्यावर म्हणाले, "वाच." मी वाचलं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. भिंतीकडं बघत म्हणाले, "खोड त्ये."

"काय खोडू, आण्णा?"

"समदंच. दांड्याला हात लावला की त्याला कळंल, बाप खोटं बोलला. आन् मग गिअरसाठीच बोलावलं म्हनंल."

मी खोडलं. मग त्यांनी थांबून थांबून दुसरं सांगितलं आणि मी त्यात माझ्या पदरचा एक शब्द घातला नाही. खालची सही त्यांच्या हातची आहे, उजव्या.

'जयसिंग, तेल तू सांगितलं तसं घातलं. गिअर चांगले पडत्यात. गाडीला कायबी झालेलं न्हाई. तरी ये.

आण्णा'